तिसऱ्या हाकेचे मालक

आमच्या मालकांना हाक मारायची ती तीनदा, आणि दर वेळी मध्ये दम घेऊन. एका दमात ‘मालक मालक मालक’ म्हटलं तर ती एकच धरली जायची, आणि उरलेल्या दोन मारायला आपण मोकळे. वडवणीत हे सगळ्यांना पाठ होतं. नवख्याला मात्र कुणी सांगायचं नाही, फुकटची करमणूक कोण सोडतं? मी नवखीच होते. जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन आलेली, हातात पिशवी, डोक्यावर ऊन. दारात उभं राहून विचारलं, “आहे का कुणी घरात?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. शेजारचा शिंपी मशीन थांबवून मजा बघत होता. मी वैतागून पाठ फिरवली आणि जाता जाता मोठ्यानंच म्हणाले, “कमाल आहे, माणसं आहेत की नाहीत या घरात?” तर दाराआडून, अगदी दोन हातांवरून, शांत आवाज आला, “हायेत की. या, बसा.”

दारामागच्या गादीवर हा गृहस्थ मांडी घालून बसला होता. अंगात बंडी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, मांडीवर अर्धवट ओवलेली घुंगरमाळ. माझ्या दोन्ही हाका त्यांनी नीट ऐकल्या होत्या. मी म्हटलं, “मग ओ का नाही दिलीत?” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ओळख ना पाळख, पहिल्या हाकेला कावून ओ द्यावी?” भाडं ठरलं, खोली मिळाली, आणि पुढची साडेचार वर्षं मी त्या घरात दिवसाला किमान तीस वेळा ‘मालक’ म्हणत राहिले. म्हणजे त्यांच्या हिशोबानं दहा वेळा.

कारण विचारलं तर ते अगदी शाळेतल्यासारखं समजावून सांगत. “भूत एकदाच हाक मारतं. लईच चिवट असलं तर दोनदा. तिसरी मारायची त्याची ताकद न्हाई. तिसरी मारतो त्यो माणूस.” तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे माझी आजीही सांगायची. पण मालकांनी त्याला दिवसरात्रीचा भेद ठेवला नव्हता. मी म्हटलं, “अहो, भरदुपारी भूत? बाजाराच्या दिवशी?” तर म्हणाले, “बाजारात तर लईच असतेत, बाई.”

त्यामागे एक गोष्ट होती, ती शिंप्यानं सांगितली. मालक मूळचे चकलांब्याकडचे. लहानपणी त्यांचा थोरला भाऊ तिन्हीसांजेला कुणाच्या तरी एका हाकेला ओ देऊन अंगणातून बाहेर गेला, तो सकाळी आडात सापडला. हाक कुणाची, ते कधीच कळलं नाही. आईनं या धाकट्याला देवापुढं बसवून शपथ घातली. आई गेली, गाव सुटलं, तेवढी शपथ राहिली.

त्यांचं दुकान बैलाच्या साजाचं. कासरे, वेसणी, मोरक्या, गोंडे, घुंगरमाळा, झुली. मी आले तेव्हाच रस्त्यावर बैलगाड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त झाले होते. समोर मोटारसायकलींचं नवं कोरं शोरूम निघालं होतं, त्याच्या काचेत मालकांच्या दुकानातले लाल-पिवळे गोंडे दिवसभर हलताना दिसायचे. गिऱ्हाईक यायचं ते पोळ्याच्या आधी. एरवी कुणी चुकून आलंच तर दोनदा हाक मारून निघून जायचं. शिंपी ओरडायचा, “अरे थांब, अजून एक मार बे!” तोवर गिऱ्हाईक रस्त्यापलीकडं. मालकांना त्याचं काही वाटत नसे.

निवडणुकीला एक उमेदवार आला. जीप, गुलाल, मागं पंचवीस माणसं. दारात हात जोडून “मालक” म्हणाला. पुन्हा “मालक” म्हणाला. आतून उत्तर नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला आणि गावभर त्यानं सांगितलं की हे घर आपलं नाही. मी म्हटलं, “कशाला उगाच वाकडेपणा घेता?” तर म्हणाले, “तिसऱ्या हाकंपर्यंत दम न्हाई, पाच वर्सं काय धरील त्यो?” उमेदवार निवडून आला. मालकांनी मत त्यालाच दिलं होतं, असं मला पुढं कळलं.

ते स्वतः कुणाला बोलावत तेही असंच. “बाई.” मी आतून “आले” म्हणायचे. “बाई.” मी समोर येऊन उभी. “बाई.” माझ्या तोंडाकडं बघून तिसरी हाक पूर्ण करायची आणि मगच काय ते सांगायचं. कामाला लागलेल्या माणसाचा यात जीव जातो. मी एकदा चिडून म्हटलं, “दिसते ना मी? मग तिसरी कुणाला मारली?” ते म्हणाले, “अर्धी सोडली तर तुमाला कसं कळावं, म्या माणूस हाय म्हनून?”

या सगळ्याचं मला हसू यायचं, पण एका गोष्टीचं कधी आलं नाही. टेलिफोनचं. मुलानं हौसेनं फोन बसवून दिला होता. मुलगा पुण्याला, परदेशी मोटारींच्या कारखान्यात. रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. मालक नऊपासून अंघोळ, पूजा आटोपून फोनजवळ बसलेले. घंटा वाजायची. ते बघत राहायचे. घंटा थांबायची. ही एक. पुन्हा वाजायची, थांबायची. ही दुसरी. मग ते हात पुढं करून, रिसीव्हरच्या वर धरून बसायचे. तिसरा फोन यायचाच नाही. मुलाला वाटायचं, वडील देवळात गेले असतील. मी एकदा दुसऱ्या घंटेला उचलला आणि त्यांच्या हातात दिला. बोलले मुलाशी, पण माझ्याशी दोन दिवस अबोला. मी म्हटलं, “मुलाला सांगून तर बघा, तीनदा कर म्हणून.”

“त्याला ठावं हाय,” ते म्हणाले. “ल्हान व्हता तवा तीनदाच मारायचा. आता टाईम न्हाई त्याला.”

दुपारी चारच्या सुमाराला ते दुकानातली एकेक घुंगरमाळ काढून हलवायचे. गंज चढू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. बैल नाही, गाडी नाही, आणि ओसरीवर ही छुमछुम. बायको गेलेली, मुलगा लांब, गिऱ्हाईक नाही. शाळेतून आल्यावर तो आवाज ऐकला की मला भरून यायचं आणि रागही यायचा. एवढ्या मोठ्या गावात ह्या माणसाला बोलायला एक मी आणि एक शिंपी, आणि आम्हालाही हा तीनदा दार वाजवायला लावतो.

अशाच एका दुपारी छुमछुम मध्येच थांबली. मी बाहेर आले तर घुंगरमाळ जमिनीवर आणि मालक आपल्या उजव्या हाताकडं बघत बसलेले. “निसटली,” म्हणाले, आणि डाव्या हातानं उचलली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग एकदा सहज बोलल्यासारखं सांगितलं, “डाव्या डोळ्यावर कुनी तरी पडदा वढतंय बाई. घटकाभरानं काढतंय.” मी पर्स उचलली आणि त्यांना घेऊन बीडची एसटी धरली. तिथल्या डॉक्टरांनी नळी छातीला लावली, मग मानेला लावली आणि मानेलाच बराच वेळ ठेवली. म्हणाले, आत सूं सूं आवाज येतोय, मेंदूकडं जाणारी डावी रक्तवाहिनी बुजत चालली आहे, औरंगाबादला न्या आणि उशीर करू नका. मालक बाहेर आल्यावर म्हणाले, “मानेत कोन वाजवतंय म्हनं?”

औरंगाबादला मुलगा पुण्याहून थेट आला. चांगला मुलगा होता, खिसा मोकळा सोडून आला होता, रजाही टाकली होती. वडिलांसमोर उभं राहून नेमकं काय बोलायचं, तेवढं त्याला सुचत नव्हतं. तपासण्या झाल्या. नस पाऊण बुजलेली. मान उघडून शस्त्रक्रिया करायची तर मालकांचं हृदय तेवढं धडधाकट नव्हतं. मग मोठ्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. जांघेतून बारीक तार घालायची, ती मानेतल्या नशीपर्यंत न्यायची, अडथळ्याच्या जागी फुगा फुगवायचा आणि जाळीची नळी बसवून वाट मोकळी ठेवायची. धोका एकच. फुगा फुगवताना तिथला चुरा सुटून वर मेंदूत गेला तर उजवी बाजू जाईल, वाचा जाईल. म्हणून आधी अडथळ्याच्या पलीकडं एक इवलीशी छत्रीसारखी जाळी उघडून ठेवायची. रक्त तिच्यातून जातं, चुरा अडकतो. काम झालं की जाळी मिटून चुऱ्यासकट बाहेर.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे मुसकं हाय,” ते म्हणाले.

डॉक्टरांना काही कळेना. मी सांगितलं, मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला सुतळीची जाळी बांधतात, ते मुसकं. मालकांनी हजारो विणली होती. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, भोकं केवढाली ठेवली आहेत, तोंड आवळायला दोरी कुठून घेतली आहे, आणि बैलानं, म्हणजे रक्तानं, धडक दिली तर सरकणार तर नाही ना. डॉक्टरांनी खुर्ची ओढून सगळी उत्तरं दिली. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

गडबड झाली ती संध्याकाळी. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन तपासायला आला. “काका, नाव सांगा.” मालक छताकडं बघत होते. “काका, नाव काय तुमचं?” छताकडंच. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, मग वाकून तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मालकांनी गाव, तालुका, जिल्ह्यासकट नाव सांगितलं. “उजवा हात उचला.” पुन्हा तेच. पोरगा घाबरून मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्याचं म्हणणं, पेशंट उशिरा प्रतिसाद देतोय, मेंदूला इजा आधीच झालेली दिसते, उद्याचं पुढं ढकलावं. मोठ्या डॉक्टरांनी मुलाला विचारलं, “तुमचे वडील नेहमी असेच बोलतात, की आता फरक पडलाय?”

मुलगा वडिलांकडं बघत राहिला. “मला… म्हणजे आमचं फोनवरच असतं,” तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “बाईंना माहीत.”

मला त्याची फार कीव आली. मी सगळं सांगितलं. तरुण डॉक्टर हसू दाबत होता, मोठे हसले नाहीत. ते म्हणाले, “हे काम मी त्यांना जागं ठेवून करणार आहे. त्यांच्या उजव्या हातात एक वाजणारं खेळणं असेल. मी दाबा म्हटलं की दाबायचं, बोला म्हटलं की बोलायचं. मेंदू शाबूत आहे हे मला तेवढ्यावरूनच कळतं. फुगा फुगल्यावर माझ्याकडं काही सेकंदच असतात. उत्तर आलं नाही तर वर काहीतरी गेलं असं समजून मला पुढचे उपाय करावे लागतील, आणि ते उपायही धोक्याचे आहेत. तिसऱ्या हाकेपर्यंत मी थांबू शकत नाही. त्यांना समजवा.”

मुलगा औषधं आणायला गेला होता. मी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि शाळेत वापरते तो आवाज काढला. म्हटलं, “मालक, उद्याच्या दिवस पहिल्या हाकेला ओ द्यायची. आईची शपथ आईला कळते, ती समजून घेईल.”

“आईचं न्हाई वो,” ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते साडेतीन वर्षांत मला ठाऊक नव्हतं. बायको लकव्यानं गेली, एवढंच मी ऐकून होते. “म्या दुकानात माळ ववत बसलेलो. ही माघारी, सैपाकात. ‘अवो’ म्हनली. म्या म्हनलं, एक. परत म्हनली, ‘अवो’. दोन. म्या माळ बाजूला ठिवली, उठायच्या बेतात बसलो. तिसरी आलीच न्हाई. मला वाटलं, भागलं आसंल तिचं काम. पुन्यांदा माळ घेतली. जेवायच्या टायमाला आत गेलतो तर चुलीम्होरं पडलेली. अकरा दिवस व्हती. डोळे उघडे, वाचा गेलेली. माझ्याकडंच बघायची. तिसरी हाक तिच्या तोंडातच व्हती बाई. अकरा दिवस तोंडातच.”

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. थोड्या वेळानं मी विचारलं, “मग त्यानंतर तरी सोडायची होती ना ही सवय?”

“कशी सोडू? आता लोकाला पहिल्या हाकंला ओ देऊ लागलो तर ती काय म्हनंल? जगाला दिली, मला न्हाई दिली.”

खिडकीबाहेर रिक्षांचे भोंगे चालले होते. यावर शाळेतला आवाज चालणार नव्हता. मी वाद सोडला आणि वेगळाच विचार केला. म्हटलं, “बरं, मग असं करू. पहिल्या दोन हाका मी मारून ठेवते आणि तिसरी डॉक्टर मारतील. चालेल?” त्यांनी बोटांची तीन पेरं मोजून बघितली. “तिसरी दुसऱ्यानं मारू नै, आसं काय कुनी म्हनलेलं न्हाई,” ते म्हणाले. मोठ्या डॉक्टरांना हे सांगताना मला लाज वाटत होती, पण त्यांनी नुसती मान हलवली. “तुम्ही आत काचेमागं थांबा. माइक देतो.”

सकाळी दारातच एक तंटा झाला. गळ्यातलं लिंग काढा, चांदीची डबी चित्रात येईल, असं सिस्टर म्हणाल्या. मालक म्हणाले, “ते अंगावेगळं व्हत न्हाई. एक वेळ मला भायेर ठिवा.” शेवटी ते त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवून वर पट्टी बांधली. पूजेलाही ते डाव्या तळव्यावरच घेतात, त्यामुळं त्यांची हरकत नव्हती. उजव्या हातात पिवळं रबरी बदक दिलं. ते दाबून बघत म्हणाले, “ह्ये मातर उगाच हाय.” असे दोन्ही हात भरून मालक आत गेले.

मला शिशाचा जड अंगरखा चढवून काचेमागं उभं केलं. पडद्यावर त्यांच्या मानेतली नस झाडाच्या मुळीसारखी काळी दिसत होती आणि एका जागी दोऱ्याएवढी झाली होती. पहिल्या वेळी आमची युक्ती अगदी नीट चालली. मी माइकमध्ये म्हटलं, “मालक.” दम घेतला. “मालक.” डॉक्टर म्हणाले, “काका, दाबा.” पीं. खोलीतले सगळे हसले. मग छत्री वर गेली आणि पलीकडं उघडली. पुन्हा दोन माझ्या, तिसरी त्यांची. पीं.

मग डॉक्टर म्हणाले, “आता फुगा,” आणि कुणी हसेना. कुठल्याशा यंत्राची टिकटिक एकदम हळू झाली, तरुण डॉक्टर भराभर आकडे सांगू लागला, एक सिस्टर सुई घेऊन पुढं सरकली. डॉक्टरांनी मान न वळवता मला हातानं खूण केली. मी माइक जवळ ओढला. तीन म्हणजे किती वेळ, हे मला त्या क्षणी कळलं. मी तोंड उघडलं, “मा…”

पीं. माझी हाक पुरी व्हायच्या आत. पुन्हा पीं. आणि पलीकडून मालकांचा आवाज, “ओ. हाय म्या. बोला.”

मी तिथंच माइकसमोर रडले. डॉक्टरांनी फुगा उतरवला, नळी बसवली, जाळी मिटून बाहेर काढली. टिकटिक पुन्हा चालीवर आली. बाहेर मुलाला सांगायला गेले तर त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “बोलले ना ते?” मी म्हटलं, बोलले.

दुपारी मोठे डॉक्टर स्वतः एका वाटीत ती जाळी घेऊन आले, कारण मालकांनी मुसकं बघायचंय असं सांगून ठेवलं होतं. पांढऱ्या कापडावर जाळीतून काढलेले चार-पाच पिवळट कण होते, बाजरीच्या कणीएवढे. मालकांनी जाळीकडं बघितलंच नाही. त्या कणांकडं बघत राहिले.

“एवढ्यानं वाचा जाती?”

“एवढ्यानंच जाते, काका. याहून बारीक असलं तरी पुरतं.”

“मला वाटलं व्हतं, लई मोठं काय तरी आसंल,” ते म्हणाले, आणि वाटी परत केली.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलंच, “पहिल्याच हाकेला ओ दिलीत. पुरी तरी होऊ द्यायची होती.” ते पडल्या पडल्या डाव्या हाताची पट्टी सोडत होते. “तुमी भ्याला व्हता,” ते म्हणाले. “आवाजातच कळलं. तिच्याबी आवाजात व्हतं ते. दोनी येळंला व्हतं. आज आठीवलं तर आगदी सपष्ट ऐकू येतंय. तवा म्या ऐकलंच न्हाई, बाई. मोजत बसलो.”

वडवणीला परतल्यावर काही फार बदललं नाही. गावाला तीन हाका चालूच राहिल्या. माझ्या मात्र पहिल्या हाकेला ओ यायची, आणि ती इतकी लगेच यायची की मलाच दचकायला व्हायचं. मुलगा काही महिने रविवारी तीनदा फोन करायचा, मग पुन्हा दोनदावर आला. एकदा मी म्हटलं, “डॉक्टरांनी तुमचा मेंदू वाचवला, आता छान बोलत बसत जा लोकांशी.” ते माळ हलवत म्हणाले, “वाचला खरा. पर आता ह्याच्यात ठिवू काय, आन् काडून दाखवू कुनाला?”

वर्षभरानं माझी बीडला बदली झाली. घर मिळालं, शाळा मोठी होती, दोन तुकड्या गळ्यात पडल्या. रविवारी येईन, असं मी मालकांना सांगून निघाले होते. दोन रविवार मी गेलेही. पुढचे गेले नाही.

एका सोमवारी हेडमास्तर वर्गाच्या दारात आले. “बाई, वडवणीहून फोन होता, तुमचे जुने घरमालक. वर्ग चालू आहे म्हणालो, तर बरं म्हणाले.” मला हसू आलं. मधल्या सुट्टीत मी मालकांची सगळी गोष्ट रंगवून सांगितली, उमेदवार, शिंपी, रबरी बदक, सगळं. माणसं पोट धरून हसली. मंगळवारी मी पेपर तपासत बसले होते तेव्हा हेडमास्तर पुन्हा आले. “दुसरा आला बरं का. तुम्ही आहात का, एवढंच विचारलं. जरा घाईत वाटले.” मी पेपरवरून मान वर न करता म्हटलं, “आता तिसरा येईल सर. तो घेते.” सगळे पुन्हा हसले. बुधवारी तर दोघी-तिघी फोनकडं कान लावून होत्या.

गुरुवारी फोन आला तो शिंप्याचा.

मालक लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. मालकांना बसवलं होतं, डाव्या तळहातावर लिंग होतं, उजवा हात मोकळाच होता. मुलगा कोपऱ्यात उभा होता. मला बघून तो पुढं आला. शिंपी म्हणाला, “सकाळी च्याला बोलवाया गेलतो. तीन हाका मारल्या. तिसरीला ओ आली न्हाई, तवाच समजलो.” मग म्हणाला, “तीन-चार दिस झालं, हात पुन्यांदा जड वाटतोय म्हनत व्हते. म्या म्हनलं, पोराला कळवा. तर म्हनले, नगं, बाईला लावतो फोन. ती येती लगेच.”

घाईत वाटले, असं हेडमास्तर म्हणाले होते. मालक आयुष्यात कधी घाईत नव्हते, आणि हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते ऐकलंही होतं. पण मी मोजत बसले होते.